कामठीच्या खडकावरचे पान

नागपूरच्या ईशान्येस कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीची ओळख निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या कारणांनी असते. फौजेतील माणसाला ती १८२१ साली इंग्रजांनी वसविलेली छावणी म्हणून ठाऊक असते, आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आजही तेथेच असल्यामुळे ती ओळख पुसली गेलेली नाही. आंबेडकरी चळवळीतील माणसाला 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणाऱ्या बाबू हरदास एल. एन. यांचे गाव म्हणून तिच्याविषयी आदर असतो. आणि दूरदूरच्या यात्रेकरूंना १९९९ साली जपानी साहाय्याने उभ्या राहिलेल्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहाराचे आकर्षण असते. परंतु तेलंगणातील गोदावरीच्या खोऱ्यात किंवा ओडिशातील तालचेरच्या परिसरात हातोडा घेऊन टेकड्या धुंडाळणारा भूवैज्ञानिक जेव्हा 'कामठी' हे नाव उच्चारतो, तेव्हा त्याच्या मनात छावणी नसते, चळवळ नसते आणि विहारही नसतो. त्याच्या मनात एक खडक असतो. लालसर, पिवळट, लोहाच्या अंशाने रंगलेल्या जाड्याभरड्या वालुकाश्मांचा आणि त्यांच्या मध्ये मध्ये येणाऱ्या बारीक पोताच्या, कठीण मातीच्या दगडांचा हा थर सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी, त्या काळच्या नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूचा आणि गाळाचा बनला, आणि त्याची प्रथम नीट पाहणी कामठीच्या आसपास झाली म्हणून त्याला 'कामठी शैलसमूह' असे नाव पडले. गावाचे नाव खडकाला आणि खडकामुळे गावाचे नाव विद्वानांच्या दफ्तरांत जाणे ही गोष्ट महाराष्ट्रात फार थोड्या गावांच्या वाट्याला आली आहे. आणि ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांना तिची वार्ता असतेच असे नाही.

कला, विज्ञान आणि लोकशिक्षण यांचा संगम हा शब्दप्रयोग अलीकडे परिपत्रकांत आणि अनुदानाच्या अर्जांत वारंवार आढळतो, आणि तो वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, विज्ञान हे एक मूळचे रूक्ष काम असून त्यावर कलेचा मुलामा चढविला म्हणजे ते सामान्यजनांच्या गळी उतरते. कामठीच्या खडकाचा इतिहास या समजुतीला उत्तर देण्यास पुरेसा आहे. त्या खडकावर उमटलेले एक पान जगाच्या ज्ञानात दाखल झाले ते चित्रकाराच्या हाताशिवाय होऊच शकले नसते, आणि ते प्रथम उचलणारा गृहस्थ कोणी व्यावसायिक भूवैज्ञानिक नसून शाळा चालविणारा एक मास्तर होता.

या गृहस्थाचे नाव स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडमधील डन्स या गावी १८१७ साली जन्मलेला हा तरुण मिशनरी १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरला आणि पुढील वर्षाच्या आरंभी नागपूर प्रांतात आला. ज्या मिशनसाठी तो आला ते मुळात कामठीच्या छावणीतील मद्रास फौजेचे एक अधिकारी कॅप्टन विल्यम हिल यांच्या देणगीतून निघाले होते, आणि त्यामुळे त्याच्या कार्याचा आरंभही कामठीतूनच झाला. नागपुरात त्या वेळी तिसऱ्या रघूजी भोसल्यांची गादी होती. ती खालसा होण्यास अद्याप काही वर्षांचा अवकाश होता. १८४६ साली हिस्लॉपने नागपुरात मुलांची शाळा काढली, पुढच्या वर्षी रॉबर्ट हंटर नावाचा एक सहकारी त्याला येऊन मिळाला, आणि दोघेही धर्मप्रचारासाठी व शाळेच्या कामासाठी खेडोपाडी पायपीट करू लागले. धर्मप्रचारात त्यांना किती यश आले हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. पण वाटेवरच्या दगडांकडे पाहण्याची सवय दोघांनाही होती, आणि या सवयीचे फळ मात्र चिरस्थायी ठरले.

१८५१ साली नागपूरच्या पश्चिमेस टाकळीच्या बाजूला त्यांना काळ्या फत्तराच्या दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख दगड झालेले आढळले. आपल्या दख्खनचा काळा फत्तर हा लाव्हारसाचा थर आहे आणि असे अनेक थर एकावर एक साचलेले आहेत, ही गोष्ट तेव्हा माहीत होती. पण दोन उद्रेकांच्या मधल्या अवधीत तेथे तळी साचली होती, त्यांत गोगलगाई नांदत होत्या, काठाला झाडे होती आणि त्यांची फळे गळून चिखलात पडत होती, याचा बोलका पुरावा या दोघांनी टाकळीसारख्या ठिकाणांहून विपुल गोळा केला. १८५४-५५ च्या सुमारास लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या परिसरातील भूरचनेवर आणि जीवाश्मांवर त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. पुढे हंटर स्वदेशी परतला आणि एका मोठ्या ज्ञानकोशात्मक शब्दकोशाचा संपादक म्हणून नावाजला. हिस्लॉप मात्र येथेच राहिला, आणि त्याच्या नावाने एक हिरवट रंगाचे खनिज 'हिस्लोपाइट' म्हणून प्रसिद्धीस आले.

टाकळीचे शंख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कामठीच्या बाजूला मिळालेली पाने त्यांच्याहून चौपट पुरातन. कन्हानच्या काठचे सिल्लेवाडा हे गाव आज कोळशाच्या खाणीमुळे परिचित आहे, पण त्या काळी तेथील वालुकाश्म बांधकामासाठी काढला जात असे. या परिसरातील बारीक पोताच्या दगडांचे थर सुटे करताना त्यांच्या सपाट पृष्ठांवर पानांचे ठसे दिसत. लाखेवर मोहोर उठवून मोहोर काढून घेतल्यावर खालची अक्षरे जशी राहतात, तसे हे पान स्वतः कुजून नाहीसे झालेले असते आणि त्याच्या शिरांचा तेवढा छाप चिखलात राहून चिखलासह दगड झालेला असतो. पाथरवटाच्या दृष्टीने असा दगड खोटाच, कारण तो नेमका पानाच्या पातळीवर दुभंगतो. हिस्लॉपने असे दगड जमविले, बांधले आणि विलायतेस पाठविले.

आता या पानाचे थोडे वर्णन केले पाहिजे, कारण पुढची सर्व कथा त्याच्या शिरांवर अवलंबून आहे. पान जिभेच्या आकाराचे, म्हणजे देठाकडे निमुळते आणि टोकाकडे रुंदावत जाऊन गोलावणारे. लांबी बोटभरापासून वीतभर किंवा त्याहूनही अधिक. मधोमध एक ठळक शीर असते आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंना असंख्य बारीक शिरा कमानीने वळत कडेकडे जातात. आपल्या परसातल्या केळीच्या किंवा कर्दळीच्या पानात अशा शिरा एकमेकींना समांतर धावतात. या पानात मात्र त्या जागोजाग एकमेकींना मिळून लांबट घरांचे एक जाळे तयार करतात. या जाळ्यातील घरे किती लांब, किती अरुंद, मधल्या शिरेजवळ मोठी आणि कडेला लहान होत जातात की सारखीच राहतात, यावरून एक जात दुसरीहून वेगळी ओळखली जाते. फ्रेंच वनस्पतिवैज्ञानिक अडॉल्फ ब्रोन्यार याने १८२८ साली या पानांच्या वर्गाला 'ग्लॉसॉप्टेरिस' हे नाव दिले होते. त्याच्या काळी हे नेचे असावे असा समज होता आणि तो पुढे सव्वाशे वर्षे डळमळत्या स्थितीत टिकला, कारण पाने अगणित मिळत, पण त्यांना लगटलेली बीजे कोणाला सापडत नसत. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत एडना प्लमस्टेड या विदुषीने पानाला चिकटलेल्या जननांगांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा हा बीजधारी वृक्ष असल्याचा निर्वाळा मिळाला. आणि ते नमुने गोळा करणारा एक हौशी संग्राहक होता, ही गोष्ट लोकशिक्षणाची चिंता वाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. याच झाडाची मुळे इतकी विचित्र, आत हवेच्या कप्प्यांची रांग असलेली, की बराच काळ ती एक स्वतंत्र वनस्पती समजली जात होती. पोकळ कप्पे दलदलीत श्वास घेण्यासाठी. लाकडातील वलये ऋतूंच्या फरकामुळे. आणि एकेका थरावर पानांचा सडा आढळतो तो बहुधा वर्षातून एकदा पानगळ होत असल्यामुळे. कामठीच्या खडकाखाली आणखी खोल, बराकर नावाच्या त्याहून जुन्या थरांत, जो कोळसा आहे तो अशाच दलदलीतील वनराईचा अवशेष. कोराडी आणि खापरखेड्याच्या विद्युतकेंद्रांत जळतो तो कोळसा पाहताना नागपूरकराला या झाडाची आठवण होण्याचे कारण नसते, पण आपल्या घरातील दिव्याचा पूर्वज तोच आहे.

विलायतेत हिस्लॉपचे नमुने चार्ल्स बनबरी या वनस्पतिप्रेमी जमीनदाराच्या हाती पडले. हा बनबरी आधुनिक भूविज्ञानाचा अध्वर्यू चार्ल्स लायल याचा साडू. १८६१ साली त्याने नागपूरकडील वनस्पती-जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यातील एका पट्टीसारख्या लांब पानाला हिस्लॉपचे नाव दिले, ते आजही शास्त्रग्रंथांत चालू आहे. या निबंधाला चित्रांचे तक्ते जोडलेले होते, आणि येथेच कलेचा प्रश्न उपस्थित होतो. त्या काळी छायाचित्र ग्रंथात छापण्याची सोय सार्वत्रिक झालेली नव्हती. जे काही दाखवायचे ते हाताने काढावे लागे, आणि ते शिळाछापावर छापावे लागे. शिळाछाप म्हणजे चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईने चित्र काढून त्यावरून कागद छापण्याची रीत. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापले ते याच पद्धतीने. म्हणजे कन्हानकाठच्या एका शिळेवर निसर्गाने उमटविलेले पान लंडनमधील दुसऱ्या एका शिळेवर माणसाने पुन्हा उमटविले, आणि तेही उलटे, कारण कागदावर ते सुलटे यावे.

हे काम नकलनविसाचे नव्हे. दगडावरचा ठसा अर्धवट असतो; कोठे कड तुटलेली, कोठे दुसऱ्या पानाचे टोक वर आलेले, कोठे दगडाचीच भेग शिरेसारखी भासणारी. छायाचित्र या सर्वांना सारखेच महत्त्व देते. चित्रकाराला मात्र ठरवावे लागते की ही रेघ पानाची आणि ती दगडाची. आणि हा निर्णय करण्यासाठी त्याला पानाची रचना समजलेली असावी लागते. उलट जो विद्वान स्वतः रेखाटन करीत नाही त्याच्या डोळ्यांतून शिरांचे जाळे सहज निसटते, असा अनुभव वनस्पतिविज्ञानाचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत घेतो. रेखाटन म्हणजे पाहण्याचीच सावकाश रीत होय. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सेवेत असलेल्या ओटोकार फाइस्टमांटेल या बोहेमियन विद्वानाने गोंडवनी वनस्पतींवर जे अनेक भागांचे ग्रंथ प्रसिद्ध केले, त्यांतही मजकुराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, किंमत चित्रांच्या तक्त्यांना आहे. शंभर वर्षांत मजकुरातील नावे बदलली, वर्गीकरणे बदलली, पण तक्ते अजून उघडले जातात.

याच चित्रांच्या साह्याने एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. ऑस्ट्रेलियातून आलेले पान, दक्षिण आफ्रिकेतून आलेले पान आणि नागपूरकडून गेलेले पान शेजारी शेजारी ठेवून पाहता ते एकाच कुळातले असल्याविषयी शंका उरेना. एवढाली झाडे एवढाल्या महासागरांपलीकडे सारखी कशी? ऑस्ट्रियातील एडुआर्ड झ्यूस याने १८८० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, हे सर्व भूभाग एकेकाळी सलग होते, आणि त्या लुप्त महाखंडाला त्याने आपल्या मध्य भारतातील गोंडवन प्रदेशावरून 'गोंडवनभूमी' असे नाव दिले. महाखंड बुडाला अशी झ्यूसची कल्पना होती. हे भूभाग बुडाले नसून तुटून दूर सरकले, असे आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ साली मांडले. नेमक्या त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवावरून परतणारी कॅप्टन स्कॉटची तुकडी, भूक आणि हिमदाह यांनी जर्जर झालेली, बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्यावरील एका कड्यापाशी थांबली आणि तेथील खडकांचे तुकडे गोळा करून घसरगाडीवर घातले. हे तुकडे वेचण्यात पुढाकार घेणारा एडवर्ड विल्सन हा वैद्य, प्राणिविद्येचा अभ्यासक आणि उत्तम जलरंगचित्रकार होता. पाने दिसली तेव्हा ती पानेच आहेत हे त्याला पटकन उमगले. पुढे मार्चअखेरपर्यंत ही सारी मंडळी बर्फात मरण पावली. नोव्हेंबरात शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला तेव्हा प्रेतांपाशी सुमारे सोळा किलो दगड होते. ओझे कमी करण्यासाठी पुष्कळ वस्तू टाकून दिल्या होत्या, पण दगड टाकले नव्हते. केंब्रिजच्या आल्बर्ट सेवर्डने १९१४ साली त्यांतील पानांची ओळख पटविली. ती ग्लॉसॉप्टेरिस वर्गाची होती, आणि जात होती 'इंडिका'. कन्हानकाठची सृष्टी आणि दक्षिण ध्रुवाजवळची सृष्टी एकेकाळी एकच होती, हे सांगण्यासाठी पाच माणसांच्या प्रेतयात्रेबरोबर साक्ष आली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हिस्लॉपकडे परत येऊ. दगड गोळा करणाऱ्या या माणसाच्या झोळीत आणखीही एक ठेवा होता, आणि माझ्या मते तो पानांहून कमी मोलाचा नाही. गोंडांच्या वस्त्यांत फिरताना त्याने परधान गायकाकडून लिंगो या त्यांच्या आद्यपुरुषाची दीर्घ गीतकथा उतरवून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, मध्य प्रांतांचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्याची टिपणे संपादून प्रसिद्ध केली, तेव्हा ही कथा मूळ गोंडी शब्द आणि इंग्रजी अनुवाद यांसह छापली गेली. ज्या लोकांच्या नावाने आज पृथ्वीवरील एका महाखंडाचे नाव चालते, त्यांची सृष्ट्युत्पत्तीची कथा आणि त्या महाखंडाचे अस्तित्व पटविणारी पाने, ही दोन्ही एकाच माणसाने एकाच मुलुखातून गोळा केली, या योगायोगाकडे भूविज्ञानवाल्यांनी लक्ष दिले नाही, कारण त्यांना गाणी नकोत. आणि लोकसाहित्यवाल्यांनीही दिले नाही, कारण त्यांना दगड नकोत. विद्यांच्या चौथऱ्यांवर अशा भिंती उभ्या राहिल्या की एका माणसाचे आयुष्य दोन कोनाड्यांत विभागून ठेवले जाते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळील प्राचीन शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून रात्री घोड्यावरून बोरीकडे परतत असताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडून मरण पावला. वय पंचेचाळीस. त्याच वर्षी नागपुरात टेंपल यांच्या कारकिर्दीत मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले, ज्याला सारा विदर्भ 'अजब बंगला' म्हणून ओळखतो. त्या काळी संग्रहालय ही एकच इमारत तीन कामे करीत असे: नमुने सांभाळणे, कारागिरीचे उत्तम मासले दाखविणे आणि न शिकलेल्या रयतेला जगाची ओळख करून देणे. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात कलाकौशल्य आणि उत्पन्नाच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरविण्यात आले तेही याच धोरणाने. राज्यकर्त्यांचा हेतू शुद्ध ज्ञानदानाचा होता असे मानण्याइतके भोळेपण नको. मुलुखात काय पिकते, काय निघते आणि कोणती जमात कोठे राहते याची मोजदाद त्यांना अंमल चालविण्यासाठी हवी होती. पण इमारतीचे दार सर्वांना उघडे ठेवावे लागले, आणि त्या दारातून जे लोक आत गेले ते मात्र केवळ मोजदाद करून बाहेर आले नाहीत.

मुंबईत १८७२ साली उघडलेल्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयाची, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची, गोष्ट थोडी निराळी. तेथे लोकांच्या धंद्यांची, पेहरावांची मातीची चित्रे कसबी हातांनी बनवून ठेवलेली आहेत. खऱ्या वस्तूच्या अभावी घडविलेली प्रतिकृती ही स्वतःच कलावस्तू होऊन बसली. अजब बंगल्यात ताम्रपट, नाणी, शस्त्रे, मूर्ती, पेंढा भरलेली जनावरे आणि दगड असा खऱ्या वस्तूंचाच सुकाळ आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरियास सापडलेल्या ताम्रयुगीन अवजारांपैकी काही तेथे आहेत. खऱ्या वस्तूचा महिमा निर्विवाद. पण वस्तू जितकी खरी तितकी ती मुकी असते, आणि तिला बोलती करणारा माणूस किंवा चित्र जवळ नसेल तर पाहणारा काचेतल्या दगडावरून काचेतल्या वाघाकडे वळतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

नागपुरातील रमण विज्ञान केंद्राने या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घातला. १९९२ साली सुरू झालेल्या आणि १९९७ पासून तारांगणाची जोड मिळालेल्या या केंद्राला नाव आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण यांचे. ते अर्थखात्यातील नोकरीच्या निमित्ताने १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात होते, आणि कचेरीचे काम आटोपल्यावर संशोधन करण्याची त्यांची सवय तेव्हाही सुटलेली नव्हती. येथे वस्तू काचेआड नाही. मुलाने दांडा फिरवावा, आरशात आपले बेढब रूप पाहून हसावे, लंबक हलवावा, आणि नियम स्वतःच्या हाताने अनुभवावा. ही उत्तम रीत आहे आणि हजारो मुलांना तिने विज्ञानाची गोडी लावली आहे. परंतु लंबकाचा नियम नागपुरातही तोच आणि नॉर्वेतही तोच. तो शिकून मुलाला आपल्या गावाविषयी काहीच कळत नाही. पानाची गोष्ट उलटी आहे. ती कामठीतच सांगता येते, आणि तेथून मग ती दक्षिण ध्रुवापर्यंत जाते.

खऱ्या वस्तूला कलेने बोलते करण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण भारतात लखनौस आहे. तेथील पुरावनस्पती संस्था उभारणारे बिरबल साहनी यांचे नागपूर परिसराशी जुने नाते. तत्कालीन छिंदवाडा जिल्ह्यातील मराठीभाषक सौसर आणि मोहगाव कलान येथील, टाकळीच्याच काळातील दगड झालेल्या वनस्पतींवर त्यांनी महत्त्वाचे संशोधन केले. लखनौच्या पुरावनस्पती संस्थेच्या इमारतीची कोनशिला त्यांनी स्वतः घडविली: निरनिराळ्या देशांतून आणि युगांतून गोळा केलेले जीवाश्म एका शिळेत बसवून. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविली गेली आणि आठवडाभरातच साहनी वारले. संस्थेचे उद्दिष्ट, तिचा विषय आणि तिची शोभा ही तिन्ही त्या एका दगडात आहेत. त्यासाठी स्वतंत्र फलक लिहिण्याची गरज भासत नाही.

असे काही कामठीत व्हावे, अशी माझी सूचना आहे, आणि तिला मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीने सावनेर आणि गोंडेगाव येथील खाणी पर्यटकांना दाखविण्याचा उपक्रम २०१६ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या सहकार्याने आरंभिला. गोंडेगाव तर कामठीहून कन्हानच्या पलीकडेच. खाण दाखविणे हे स्तुत्य, पण मुलाला खाणीत उतरविण्यापूर्वी त्याला काळाचे माप हवे. एखाद्या शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या लांब कुंपणभिंतीवर एक मीटरला एक कोटी वर्षे या हिशेबाने काळ रंगवावा. फाटकापाशी आजचा दिवस. तेथून साडेसहा मीटरवर टाकळीची तळी आणि दख्खनचे ज्वालामुखी. पंचवीस मीटरवर कामठीचा लाल वालुकाश्म आणि त्यावर पाने. माणसाच्या जातीची सुमारे तीन लाख वर्षे फाटकाजवळच्या तीन सेंटिमीटरांत संपतील, आणि १८२१ पासूनचा छावणीचा सारा इतिहास एका केसाच्या जाडीतही भरणार नाही. भिंत रंगविणारी मुले हे माप आयुष्यभर विसरणार नाहीत, कारण ते त्यांनी स्वतः फूटपट्टीने घेतलेले असेल.

भिंतीवरची पाने काल्पनिक नसावीत. नागपुरात सेमिनरी हिल्सवर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रादेशिक कार्यालय आहे आणि विद्यापीठात भूविज्ञानाचे शिक्षण चालते. अस्सल नमुन्यावरून प्लॅस्टरचे साचे घेऊन त्यांच्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासले की शिरांचे जाळे कागदावर उतरते. असे कागद मुलांच्या हाती यावेत, आणि चित्रकलेच्या मास्तरांनी व विज्ञानाच्या बाईंनी तो तास मिळून घ्यावा. खडकातून अस्सल ठसे उपटून घरी नेण्याची सवय मात्र मुलांना लावू नये. जागेवरून हललेला ठसा आपला थर आणि आपला काळ हरवून बसतो, आणि मग तो केवळ शोभेचा दगड उरतो.

आणि जे वाचणार नाहीत, जे संग्रहालयात जाणार नाहीत, त्यांचे काय? विदर्भाला याचे उत्तर शिकविण्याची गरज नाही. गाडगेबाबांनी प्रश्नोत्तरांच्या कीर्तनातून आणि तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या भजनातून जे लोकशिक्षण केले ते कोणत्याही खात्याच्या योजनेहून खोल गेले. १९८७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात देशाच्या पाच दिशांनी निघालेले जनविज्ञान जथे भोपाळला एकत्र आले तेव्हा त्यांनीही गाणी, पथनाट्ये आणि प्रयोग यांचाच आधार घेतला होता. नागपूर-भंडाऱ्याकडील खडी गंमत आणि दंडार यांतील सोंगाड्याला कोणताही विषय वर्ज्य नाही. पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीचा सातबारा कोणाच्या नावावर होता, असा प्रश्न त्याने तलाठ्याला विचारला तर प्रेक्षक हसतील आणि त्या हशातच निम्मे भूविज्ञान शिकून जातील. परधान गायकांकडून लिंगोची कथा ऐकवून तिच्या शेजारी पानाची कथा मांडावी. दोन्ही याच मातीच्या आहेत.

कामठीच्या शाळांतील शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की, येत्या हिवाळ्याच्या सहलीत मुलांना दूरच्या ठिकाणी नेण्यापूर्वी एक दिवस अजब बंगल्यात आणि एक दिवस, खाणीच्या व्यवस्थापनाची रीतसर परवानगी काढून, कन्हानकाठी घालवावा, आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक वही व एक पेन्सिल अवश्य द्यावी.